देवीची साथ, लाकडी खोपटं आणि छापखाना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा या भागाचा मजकूर. बोलताना दोन-तीन ठिकाणी गाडी घसरली होती, तेवढं सरळ केलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय जरा विचित्र वाटेल. कॅनडात गेलेल्या आइसलँडच्या लोकांनी आपल्या भाषेत वर्तमानपत्रं कशी काढली, किती वर्षं चालवली आणि पुढे त्यांचं काय झालं. तुम्ही म्हणाल, याच्यात मराठी माणसाने कशाला पडायचं? सांगतो.

मी तीन वर्षांपासून विनिपेगमध्ये आहे. सॉफ्टवेअरचं काम, हिवाळ्यात उणे तीस, बाकी आनंद आहे. इथे आपलं एक छोटं मंडळ आहे आणि मंडळाचा एक छोटा दिवाळी अंक निघतो. गेल्या वर्षी त्याची मांडणी माझ्या गळ्यात पडली, कारण "तू कॉम्प्युटरवाला ना, मग तुला काय अवघड आहे!" तर अंकाच्या मीटिंगमध्ये जोरदार भांडण झालं. एक ताई म्हणाल्या, मुलं मराठी वाचत नाहीत, निम्मा अंक इंग्रजीत करू या. त्यावर एक काका उठून उभेच राहिले. म्हणाले, "मग दिवाळी अंक कशाला म्हणता, न्यूजलेटर म्हणा." दोघांचंही मला पटत होतं आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून गप्प बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना हे सगळं मी एका सहकारी बाईंना सांगितलं. त्या इथल्याच, पण मूळ घराणं आइसलँडचं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या पेपरात हे भांडण माझ्या आजीच्या काळात झालं. आता पेपर इंग्रजीत निघतो. म्हणून तर मी वाचते." आणि मग थांबून म्हणाल्या, "पण माझ्या पणजीने त्यात जे लिहिलं होतं, ते मला वाचता येत नाही."

तिथून मी या विषयात घुसलो. वीकेंडला लायब्ररी, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुने अंक. भाषा मला येत नाही, पण त्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय.

तर आधी ही माणसं इथे आली कशी ते पाहू. 1870च्या सुमाराला आख्ख्या आइसलँडची लोकसंख्या होती सुमारे 70,000. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. 1870 ते 1914 या काळात त्यातले सुमारे 15,000 लोक उत्तर अमेरिकेत निघून गेले. कारणं एकात एक गुंतलेली. थंडीची वाईट वर्षं, समुद्रातला बर्फ किनाऱ्याला लागणं, जमीन थोडी आणि ती मोजक्यांच्या हातात. त्यात 1875च्या मार्चमध्ये आस्क्या नावाचा ज्वालामुखी फुटला आणि पूर्वेकडच्या कुरणांवर राख पसरली. मेंढ्यांना चारा नाही म्हणजे माणसाला काहीच नाही.

त्याच वर्षी, 1875च्या ऑक्टोबरात, पहिला मोठा जथा विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावर उतरला. त्या जागेला त्यांनी नाव दिलं गिमली. त्यांच्या पुराणकथांत जगाचा नाश झाल्यावर जे उरतात ते जिथे राहतात, ती जागा गिमली. हिवाळा तोंडावर, घरं नाहीत, जाळी टाकायची तर बर्फाखाली मासेमारी कशी करतात हे माहीत नाही. पुढच्या वर्षी आणखी हजाराहून जास्त लोक आले आणि त्यांच्यासोबत देवीची साथ आली. वसाहतीतले शंभराच्या आसपास लोक गेले. आसपासच्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत तर त्याहून वाईट झालं, सँडी बार नावाची त्यांची वस्ती जवळजवळ पुसलीच गेली. ज्या जमिनीला हे लोक 'नवं आइसलँड' म्हणत होते, तिथे आधीपासून कोणीतरी राहत होतं, हे या गोष्टीत बऱ्याचदा गाळलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

सरकारने वसाहत बंद केली. क्वारंटाइन. आपण 2020मध्ये काही आठवडे घरात बसून वैतागलो, हे लोक 1876च्या हिवाळ्यापासून 1877च्या उन्हाळ्यापर्यंत अडकून होते. जुलैमध्ये बंदी उठली. आणि दोन महिने होत नाहीत तोच, 10 सप्टेंबर 1877ला, त्यांनी वर्तमानपत्राचा पहिला अंक छापला. नाव 'फ्रामफारी', म्हणजे साधारण 'पुढे जाणारा'.

इथे मी वाचता वाचता थांबलो होतो. नीट रस्ता नाही, लोकांनी नुकतीच आपली पोरं पुरली आहेत, आणि वर्गणी काढून, कंपनी स्थापून, शेअर विकून ही माणसं छापखाना आणतात! त्याच्याही आधी, 1876मध्ये, एकाने हाताने लिहून पत्र काढलं होतं, 'नी थ्योधोल्वुर' नावाचं. आइसलँडमध्ये 'थ्योधोल्वुर' नावाचं मोठं पत्र होतं, त्याचा हा नवा अवतार. म्हणजे छापखाना नव्हता तेव्हाही पत्र हवंच होतं.

हे वेड आलं कुठून? आइसलँडमध्ये छापखाना आला 1530च्या सुमाराला, उत्तरेकडच्या होलार नावाच्या धर्मपीठात. तिथेच 1584मध्ये आख्खं बायबल त्यांच्या भाषेत छापून निघालं. आणि वाचायला-लिहायला येणं ही तिथल्या शेतकऱ्यात अगदी सामान्य गोष्ट होती. हिवाळ्याच्या लांब रात्री घरातले सगळे एका खोलीत बसून लोकर पिंजायचे, विणायचे आणि एक जण मोठ्याने वाचायचा. जुन्या वीरकथा, धार्मिक पुस्तकं, जे असेल ते. आपल्याकडे श्रावणात पोथी लावायचे ना, तसंच, फक्त श्रावण सहा महिन्यांचा. त्यामुळे बोटीत चढताना त्यांच्या पेट्यांमध्ये पुस्तकं होती.

कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन 1877च्या सप्टेंबरातच ही वसाहत बघायला आले. त्यांनी भाषणात नवल केलं की इथलं कुठलंही खोपटं कितीही उघडंबोडकं असो, वीस-तीस पुस्तकं आत असतातच. हेच डफरिन पुढे 1884मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि मुंबईत काँग्रेस स्थापन झाली तेव्हा तेच खुर्चीवर होते. याचा आपल्या विषयाशी संबंध काही नाही, पण नाव पाहिल्यावर मला राहवलं नाही.

आता 'फ्रामफारी'त छापून काय यायचं? मला वाटलं होतं, मातृभूमीच्या आठवणी, कविता, हुंदके. तेही असेल, पण पत्राचा खरा जीव कामाच्या गोष्टींत होता. या वसाहतीचा कारभार तिचे लोकच बघायचे, त्यांनी स्वतःची घटना केली होती आणि 1878मध्ये ते नियम 'फ्रामफारी'त छापले गेले. जमिनीच्या बातम्या, पत्रव्यवहार, नदीकाठच्या वस्तीत काय ठरलं, बाहेरच्या जगात काय चाललंय. आणि भांडणं. बाप रे, भांडणं! दोन पाद्री होते, योन ब्यार्नासोन आणि पॉल थोर्लाक्सोन. दोघेही लूथरपंथी, पण एक जरा मोकळा आणि दुसरा कडक. कोणाचं बरोबर यावर ही एवढीशी वसाहत उभी फुटली. पॉल थोर्लाक्सोनच्या मागून शेकडो लोक सीमा ओलांडून डाकोटात निघून गेले. वाद पत्रात छापला जायचा, लोक वाचायचे, चिडायचे, उत्तर लिहायचे.

पत्र टिकलं 1880पर्यंत. वाचकच निघून चालले होते, त्यात सरोवराचं पाणी चढून शेतं बुडाली. अडीच वर्षांत खेळ संपला. स्टार्टअपच्या भाषेत बोलायचं तर प्रॉडक्ट उत्तम होतं, मार्केट स्थलांतर करून गेलं.

पण मार्केट गेलं कुठे? बरंचसं विनिपेगला. शहरात रेल्वे आली होती, बांधकामं होती, मजुरी मिळत होती. म्हणून पुढची पत्रं विनिपेगहून निघाली. आधी 1883 ते 1886 'लेइवुर' नावाचं एक पत्र. मग 1886च्या सप्टेंबरात 'हेइम्सक्रिंग्ला' आणि 1888च्या जानेवारीत 'लॉग्बेर्ग'. ही दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं नाव मध्ययुगातल्या राजांच्या गाजलेल्या इतिहासग्रंथाचं. दुसरं म्हणजे ज्या खडकावर उभं राहून त्यांच्या जुन्या लोकसभेत कायदे सांगितले जायचे तो खडक. नावं भारदस्त, पण भांडण मात्र गल्लीतलं. 'हेइम्सक्रिंग्ला' कॅनडाच्या राजकारणात कॉन्झर्व्हेटिव्ह बाजूचं आणि धर्मात पुढे युनिटेरियन लोकांकडे झुकलेलं. 'लॉग्बेर्ग' लिबरल पक्षाचं आणि लूथरपंथी. काही हजार घरांसाठी दोन साप्ताहिकं! आणि ही दोन्ही सत्तर वर्षांच्या वर चालली.

यात योन ओलाव्सोन नावाचं एक पात्र आहे. हा माणूस 1874मध्ये अलास्का बघून आला, तिथे आइसलँडच्या लोकांची वसाहत करायची म्हणून थेट अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांच्याकडे खटपट केली. ते काही जमलं नाही. पुढे तो विनिपेगला आला आणि आधी 'लॉग्बेर्ग'चा आणि नंतर 'हेइम्सक्रिंग्ला'चा संपादक झाला. एका पत्रातून दुसऱ्याला शिव्या द्यायच्या आणि मग तिकडे जाऊन बसायचं. आपल्याकडच्या वाचकांना यात नवीन काहीच वाटणार नाही.

मला या जोडीबद्दल जे समजलं ते असं. लोक पत्र घ्यायचे ते भाषा वाचवायला नाही. भाषेला धोका आहे असं कोणाच्या मनातही नसताना घ्यायचे. कॅनडात मत कोणाला द्यायचं हे कळायला घ्यायचे. डाकोटातल्या चुलतभावाच्या वस्तीत कोण वारलं, कोणाला मुलगा झाला हे कळायला घ्यायचे. प्रत्येक वस्तीतून कोणीतरी बातमीपत्र पाठवायचं: पीक कसं आहे, पाऊस किती झाला, कोणाचं लग्न झालं. परदेशी कादंबऱ्यांचं भाषांतर हप्त्याहप्त्याने यायचं आणि लोक पुढच्या हप्त्यासाठी पोस्टात जाऊन थांबायचे. आणि मृत्युलेख. माणूस गेला की त्याचं आयुष्य छापून यायचं, आइसलँडमधल्या कुठल्या शेतावर जन्मला इथपासून. माझ्या सहकारी बाईंच्या पणजीने लिहिलं होतं ते असंच, आपल्या बहिणीवर. त्याकडे येतो परत.

आता माझ्या आवडीचं पत्र, 'फ्रेया'. मार्ग्रेत बेनेडिक्टसन नावाच्या बाई. 1866चा जन्म, 1887मध्ये एकट्या बोटीत बसून आलेल्या. त्यांनी 1898मध्ये सेलकर्क या गावाहून, विनिपेगच्या जरा उत्तरेला, बायकांसाठी मासिक सुरू केलं. नवरा सिगफूस छापखान्याची बाजू बघायचा, संपादन बाईंचं. विषय होता बायकांना मतदानाचा हक्क. त्या काळी आख्ख्या कॅनडात फक्त या विषयाला वाहिलेलं दुसरं मासिक नव्हतं. आणि हे एकमेव मासिक निघत होतं आइसलँडच्या भाषेत! त्यात लेख होते, कथा होत्या, मुलांसाठी पानं होती, बाकी देशांत चळवळ कुठवर आली याच्या बातम्या होत्या. बारा वर्षं चाललं. 1910मध्ये नवरा-बायको वेगळे झाले आणि मासिक बंद पडलं. मॅनिटोबात बायकांना मताचा हक्क मिळाला 1916च्या जानेवारीत, कॅनडाच्या सगळ्या प्रांतांत पहिल्यांदा. तोवर मार्ग्रेतबाई अमेरिकेत राहायला गेल्या होत्या.

आणि आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच. या चळवळीचा इतिहास पुढे इंग्रजीत लिहिला गेला, तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्या बायकांची नावं ठळक आली आणि आइसलँडच्या बायका कितीतरी वर्षं तळटीपेत राहिल्या. त्यांनी आधी सह्या गोळा केल्या होत्या, आधी लिहिलं होतं, पण इतिहास लिहिणाऱ्यांना ते वाचता येत नव्हतं. म्हणजे आपल्या भाषेत लिहिलं की आपल्या माणसांपर्यंत पोचतं, पण शेजारच्या गल्लीला पत्ता लागत नाही. मीटिंगमधल्या त्या ताईंचं म्हणणं मला इथे आठवलं.

पुढची गोष्ट पंचांगाची. ओलावुर थॉर्गेइर्सॉन नावाचे एक मुद्रक विनिपेगमध्ये होते. त्यांनी 1895पासून दरवर्षी एक छोटं पंचांग काढलं. तारखा, सण, चंद्र, हे सगळं होतंच, पण मागच्या पानांवर त्यांनी एक वेगळाच उद्योग चालू केला. एकेका वस्तीचा इतिहास. कोण माणूस, कोणाचा मुलगा, आइसलँडमधल्या कुठल्या शेतावरून आला, कुठल्या वर्षी, इथे आधी कुठे राहिला, मग कुठे जमीन घेतली, बायको कोण, मुलं किती. वस्तीमागून वस्ती, वर्षामागून वर्ष. हे पंचांग 1954पर्यंत निघालं. आपल्याकडच्या कुलवृत्तांताची आठवण येते की नाही? फरक इतकाच की कुलवृत्तांत एका घराण्याचा असतो, हा आख्ख्या स्थलांतराचा होता, आणि लोक तो चार पैसे देऊन तारीख बघायला विकत घ्यायचे. ज्याला आज डेटाबेस म्हणतात, तो या बाबाने कॅलेंडरच्या मागच्या पानांत भरला.

कवींबद्दल बोललो नाही तर इथले लोक मला गावातून हाकलतील. स्तेफान जी. स्तेफान्सॉन हे सगळ्यांत मोठं नाव. 1873मध्ये तरुणपणी आले, शेवटी अल्बर्टामध्ये मार्कर्विल नावाच्या गावाजवळ शेती केली. शाळा जवळजवळ नाहीच. दिवसभर शेत, जनावरं, आठ मुलं, आणि रात्री सगळे झोपले की लिहायचे. त्यांच्या कवितासंग्रहाचं नावच 'आन्द्वोकुर', म्हणजे 'जागरणं'. त्याचे सहा खंड निघाले, पहिला 1909मध्ये, शेवटचा 1938मध्ये, ते जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. पहिल्या महायुद्धाच्या विरोधात त्यांनी कविता लिहिल्या तेव्हा याच विनिपेगच्या आइसलँडी समाजातल्या लोकांनी त्यांना देशद्रोही ठरवलं. साध्या शेतकऱ्याने शांततेची कविता लिहावी आणि वर्तमानपत्रात त्यावर रणकंदन व्हावं! भाषा जिवंत असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मेलेल्या भाषेत कोणी कोणाला देशद्रोही म्हणत नाही.

दुसरे होते के. एन. जूलियस. नॉर्थ डाकोटात शेतमजुरी करायचे, लोक त्यांना 'काउइन' म्हणायचे. हे विनोदी कवी. आइसलँडच्या कडक छंदात बेधडक इंग्रजी शब्द घालायचे, इंग्रजी क्रियापदाला आपला प्रत्यय लावायचे आणि यमक जुळवायचे. म्हणजे आपण 'फोन केला', 'गाडी पार्क केली', 'डोकं हँग झालं' म्हणतो, तेच, पण वृत्तात बसवून. शुद्धतेवाले नाक मुरडायचे आणि मग ओळी पाठ म्हणायचे.

मग उतार लागला. पण तो कसा लागला हे महत्त्वाचं आहे. मला वाटायचं, कोणीतरी बाहेरच्याने भाषा दाबली असेल. 1916मध्ये मॅनिटोबाने दुभाषी शाळा बंद केल्या हे खरं, आणि त्याचा फटका बाकी समाजांना फार बसला. पण आइसलँडच्या लोकांनी पहिल्यापासूनच मुलांना इंग्रजी शाळेत घातलं होतं, स्वतःहून, हौसेने. घरी आपली भाषा, शाळेत इंग्रजी, असं त्यांचं सरळ गणित होतं. लॉरा गुडमन साल्व्हर्सन ही 1890मध्ये विनिपेगमध्ये जन्मलेली मुलगी, आई-वडील आइसलँडचे, दहा वर्षांची होईपर्यंत इंग्रजी येत नव्हतं. पण पुढे लिहिलं ते इंग्रजीत. 1923मध्ये 'द व्हायकिंग हार्ट' ही कादंबरी, विषय याच स्थलांतरितांचा. कॅनडातला मोठा गव्हर्नर जनरल पुरस्कार तिला दोनदा मिळाला. आणि तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे गुट्टोर्मुर गुट्टोर्मसॉन, तेही कॅनडातच जन्मलेले, रिव्हर्टनजवळ शेती करणारे. त्यांनी जन्मभर फक्त आइसलँडच्या भाषेत कविता लिहिली. दोघांपैकी चुकलं कोण? मला तरी ठरवता आलेलं नाही.

नवी माणसं येणं 1914नंतर जवळजवळ थांबलं. हा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. मराठी लोक अजून दरवर्षी येतायत, त्यामुळे आमचा अंक दरवर्षी नव्याने भरतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. त्यांच्याकडे नवं पाणी बंद झालं आणि विहीर किती खोल आहे ते कळलं. खोल होती हो! नळ बंद झाल्यावरही चाळीस-पन्नास वर्षं दोन साप्ताहिकं चालली. शेवटी 1959मध्ये सत्तर वर्षांचे वैरी एकत्र आले: 'लॉग्बेर्ग-हेइम्सक्रिंग्ला'. भांडायलाही माणसं उरली नाहीत तेव्हा जोडचिन्ह घालून लग्न लावलं. मग हळूहळू, 1970 आणि 80च्या दशकांत, इंग्रजी पानं वाढत गेली. आज ते जवळजवळ पूर्ण इंग्रजी आहे आणि अजून निघतं. नाव तेवढं जुन्या भाषेत.

आता एक मिनिट माझ्या धंद्याचं बोलू द्या. आइसलँडच्या लिपीत काही खास अक्षरं आहेत. 'थॉर्न' नावाचं एक, 'थ'च्या उच्चाराचं, आणि 'एध' नावाचं दुसरं, मऊ 'द'सारखं. विनिपेगच्या इंग्रजी छापखान्यात हे खिळे नसायचे, ते वेगळे मिळवायला लागायचे. शंभर वर्षांनी तोच प्रश्न कॉम्प्युटरमध्ये आला. 1987मध्ये पश्चिम युरोपच्या भाषांसाठी आयएसओ 8859-1 हा संच ठरला, एका बाइटमध्ये बसणारा. जागा मोजक्या. त्यात आइसलँडने आपली अक्षरं बसवून घेतली, अडीच लाखांच्या आसपास लोकसंख्या असताना! त्या जागा गेल्यामुळे तुर्की भाषेची अक्षरं बाहेर राहिली आणि 1989मध्ये तुर्कीसाठी 8859-9 काढावा लागला. त्यात केलं काय, तर आइसलँडची सहा अक्षरं काढून तिथे तुर्की सहा घातली. बाकी सगळं जसंच्या तसं. म्हणून जुनी तुर्की फाइल चुकीच्या संचात उघडली की मधेच 'थॉर्न' आणि 'एध' उगवतात.

आणि आपलं? याच मालिकेत 12 नंबर देवनागरीसाठी विचारात होता. 1997मध्ये ते काम अधिकृतपणे सोडून दिलं. 8859-11 आहे, 8859-13 आहे, मधला 12 नाही. युनिकोड आला म्हणून आपलं भागलं. पण दिवाळी अंकाच्या जुन्या फाइली उघडताना मला अजून कुठल्या कुठल्या फाँटमधली कचरापट्टी बघावी लागते, ती त्या मधल्या वर्षांची देणगी. 2003चा आमचा एक आख्खा अंक आज कोणाच्याच मशीनवर वाचता येत नाही. छापील प्रत एका काकूंकडे होती म्हणून वाचला.

त्या तुलनेत आइसलँडवाल्यांचं काम बघा. त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी पत्रं पानापानाने स्कॅन करून 'तीमारित' या साइटवर फुकट ठेवली आहेत, शब्द टाकून शोधता येतात. फक्त आइसलँडमधली नाही, विनिपेगमधलीसुद्धा. 'फ्रामफारी'चा पहिला अंक मी माझ्या फोनवर बसमध्ये उघडून बघितला. बाहेर बर्फ पडत होता.

तर मग सहकारी बाईंचं प्रकरण. एका दुपारी आम्ही त्यांच्या पणजीचं नाव शोधलं. नावाचीसुद्धा भानगड असते, कारण आइसलँडमध्ये आडनाव नसतं, बापाच्या नावाला 'चा मुलगा', 'ची मुलगी' लावायचं, आणि कॅनडात आल्यावर कोणी त्याचंच आडनाव केलं, कोणी शेताचं नाव घेतलं, कोणी इंग्रजीला सोपं पडेल असं काहीतरी. चार वेगवेगळ्या पद्धतींनी शोधल्यावर 'लॉग्बेर्ग'चं एक पान सापडलं. दोन कॉलम. खाली पणजीची सही. बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि वाचत गेल्या: बहिणीचं नाव ओळखलं, शेताचं नाव ओळखलं, गिमली ओळखलं. बाकी काही नाही. मी मशीनचं भाषांतर करून दिलं. ते कामचलाऊ होतं. एका वाक्यात पणजीने बहिणीच्या हातांबद्दल काहीतरी म्हटलंय, आणि ते हात कामसू होते, की थंड होते, की रिकामे होते, हे भाषांतरावरून काही कळेना. तीन वेळा वेगवेगळं आलं. बाई म्हणाल्या, "असू दे." पण पान प्रिंट करून घेऊन गेल्या.

त्यानंतर मी गिमलीला जाऊन आलो, इथून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर. 1899पासूनचं एक जुनं दुकान आहे, तेर्गेसन यांचं, कपडे आणि पुस्तकं एकत्र विकतात. मी आलुबुखाराच्या सारणाचे थर घातलेला त्यांचा केक खाल्ला, सरोवराच्या काठी उभा राहिलो. काठावर मुलं आइस्क्रीम खात होती.

मंडळाच्या अंकाचं काय झालं, विचाराल. यंदा सहा पानं इंग्रजीत ठरली. काका दोन दिवस बोलले नाहीत, मग बोलले. मी भाषेच्या वादात पडलो नाही, फक्त एक सदर मागून घेतलं, थॉर्गेइर्सॉनच्या पंचांगावरून चोरलेलं. विनिपेगमध्ये आलेल्या प्रत्येकाने चार ओळी द्यायच्या: गाव कुठलं, कुठल्या वर्षी आलात, आधी कुठे राहिलात, आल्यावर पहिलं काम काय केलंत. ज्या भाषेत जमेल त्या भाषेत.

आतापर्यंत अकरा जणांनी पाठवलंय. सगळ्यांत आधी कोणी पाठवलं असेल? त्याच काकांनी. चार ओळी मागितल्या होत्या, त्यांनी चार पानं लिहिली, हाताने, मराठीत, आणि फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, तेही आडवे. 1974मध्ये आले तेव्हा विमानतळावर न्यायला कोणी आलं नव्हतं, इथपासून सुरुवात आहे. दुसऱ्या पानावर एक शब्द लागत नाहीये, 'खोली' आहे की 'खोटी' आहे. उद्या फोन करून विचारतो.